टॉवेल कुणी टाकला?

‘पुसा, सांगते’ या सदराकडे या महिन्यात आलेली निम्मी पत्रं टॉवेलवरची आहेत. दोष माझाच. मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की बाकी कुठला इंग्रजी शब्द आला नाही तरी चालेल, पण ‘टॉवेल’ सोलापूरकराला मुळापासून माहीत हवा. आता निस्तरते.

प्रश्न : बाई, नमस्कार. टीव्हीवर इंग्रजी बातम्या चालल्या होत्या. कुणा पुढाऱ्यानं माघार घेतली, त्याला निवेदक ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणाला. नातू म्हणाला, आजोबा, याचा अर्थ हार मानणे. मी चाळीस वर्षं एसटीनं पंढरपूरला जातोय. खिडकीतून टॉवेल आत टाकला की जागा आपली. मग टॉवेल टाकणारा हरतो कसा?
(विजापूर रोडवरचे एक आजोबा)

आजोबा, नातवाला ओरडू नका, आणि स्वतःचा टॉवेलही मागे घेऊ नका. दोघांचं बरोबर आहे.

नातवाचा टॉवेल मुष्टियुद्धाच्या रिंगणात पडतो. तिथे प्रत्येक लढणाऱ्याच्या कोपऱ्यात त्याची माणसं उभी असतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात ती त्याला पाणी पाजतात, घाम टिपतात, फुटलेली भुवई दाबून धरतात. आपला गडी आता नुसता मार खातोय, हात वर उचलत नाही, असं दिसलं की कोपऱ्यातला माणूस हातातलं फडकं रिंगणात भिरकावतो. पंच काय ते समजतो आणि लढत थांबवतो. म्हणजे बघा, टॉवेल टाकणारा हरत नाही. तो हरणाऱ्याचा माणूस असतो, आणि पोरगं जिवंत घरी न्यायचं म्हणून टाकतो. वाक्प्रचार झाल्यावर हा मधला माणूस गळून पडला आणि हरणाराच स्वतःचा टॉवेल टाकू लागला.

गंमत अशी, की आधी तिथे टॉवेल नव्हताच. एकोणिसाव्या शतकात कोपऱ्यातले लोक स्पंज बाळगायचे, आणि हार मानायची तर स्पंज वर उडवायचे. इंग्रजीतही त्या काळी ‘स्पंज उडवला’ असंच म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पंजाच्या जागी टॉवेल आला आणि वाक्प्रचारानं गुपचूप कपडे बदलले. स्पॅनिश लोकही हार मानताना ‘तिरार ला तोआया’ म्हणतात. शब्दशः टॉवेल फेकणे.

आता आपला टॉवेल. गाडी अजून मागे वळतेय, कंडक्टर दाराशी ‘उतरू द्या आधी’ म्हणून ओरडतोय, आणि तोवर खिडक्यांतून आठ-दहा टॉवेल आत गेलेले असतात. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याची काय गत होते ते सोलापूरच्या स्टँडवर कुणालाही पुसा. माझ्या अनुभवात हातरुमालाला जरा कमी मान आहे. ‘उडून पडला असेल’ म्हणून लोक उचलून बाजूला ठेवतात. टॉवेलाला पुरता मान. पिशवी त्याहून पक्की, आणि लहान पोर खिडकीतून आत सोडलं तर प्रश्नच मिटला. राजकारणी लोकांनी मात्र रुमालच उचलला. मंत्रिपदावर, उमेदवारीवर ते ‘रुमाल टाकून ठेवतात’. टॉवेल टाकत नाहीत. कदाचित नातवाचं इंग्रजी त्यांनाही येत असेल.

आणि ही काही फक्त आपली खोड नाही. समुद्रकाठच्या हॉटेलांत पोहण्याच्या तलावाभोवती आडवं व्हायच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. जर्मन पाहुणे म्हणे पहाटे उठून त्यांवर टॉवेल अंथरतात, परत जाऊन झोपतात आणि नाश्ता करून नऊ वाजता आरामात येतात. इंग्रज लोकांचा हा फार जुना, आवडता विनोद. म्हणजे इंग्रजाला टॉवेलनं जागा धरणं चांगलं कळतं. फक्त ते दुसऱ्यानं केलं की त्याला चीड येते. स्टँडवर आपल्यालाही तेव्हाच येते.

तुमच्या पत्रावरून एक आठवलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवत होते. दिवसभर मागावर उभं राहून आलेली मोठी माणसं वर्गात असायची, कुणाच्या केसांत कापसाची पिंजण तशीच. चाचणीत ‘ही थ्र्यू इन द टॉवेल’ भाषांतराला दिलं होतं. एकानं लिहिलं : ‘त्याने जागा धरली.’ मी लाल फुली मारली. तो पेपर घेऊन टेबलापाशी आला नि म्हणाला, ‘बाई, विणतो मी, टाकतो मी, आणि अर्थ चुकला?’ अख्खा वर्ग हसला. मी अर्धा गुण दिला. आता वाटतं, पुरा द्यायला हवा होता, कारण वाक्याच्या मागेपुढे रिंगण होतं का स्टँड होता हे मी कुठं सांगितलं होतं?

प्रश्न : आमच्या सासूबाई ‘टुवाल’ म्हणतात. पोरं हसतात, ‘आजीला टॉवेल म्हणता येत नाही’ म्हणतात. टुवाल हा टॉवेलचा अपभ्रंश आहे का?
(अशोक चौकातून एक सूनबाई)

नाही. आणि पोरांना हे जरा मोठ्यानं वाचून दाखवा.

हाच अपराध मी केलेला आहे. माझी आई टुवाल म्हणायची. मी नवी नवी इंग्रजी शिकलेली, दर वेळी तिला दुरुस्त करायची : ‘आई, टुवाल नाही गं, टॉवेल.’ ती ‘बरं’ म्हणायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा ‘टुवाल वाळत घाल’. शेजारच्या पद्मशाली मावशी तेलुगूत ‘तुवालु’ म्हणायच्या. मला वाटायचं, दोघींचीही जीभ जड. त्या दोघींचे शब्द एकसारखे कसे, हा साधा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडला नाही.

झालंय असं. पोर्तुगीज भाषेत टॉवेलला ‘तोआल्या’ म्हणतात. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले ते इंग्रजांच्या शंभर वर्षं आधी. त्यांच्या तोंडून हा शब्द गावोगाव फिरला : कोकणीत तुवालो, मल्याळममध्ये तुवाल, तेलुगूत तुवालु, हिंदी-उर्दूत तौलिया, आणि आपल्याकडे टुवाल. कान देऊन ऐका, मधला ‘वा’ इंग्रजी ‘टॉवेल’मधून निघतच नाही, तो तोआल्याचा आहे. म्हणजे सासूबाईंचा शब्द नातवंडांच्या शब्दाचा बिघडलेला अवतार नाही. तो वेगळ्या वाटेनं आलेला, वडीलधारा शब्द आहे. सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकाच बोळात नांदतात. दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटं बसलात तर या एकाच शब्दाची तीन रूपं कानावर पडतील.

आपली न्हाणी आठवून बघा. बादली पोर्तुगीज. टुवाल पोर्तुगीज. आंघोळ करून कपडे घालायला आलात, तर इस्त्री पोर्तुगीज आणि कपाटाची चावीही पोर्तुगीज. आईला दुरुस्त करणारी मी, एवढ्या सगळ्या पोर्तुगीज सामानात उभी राहून तिला इंग्रजी शिकवत होते.

आता इंग्रजी टॉवेल आणि पोर्तुगीज तोआल्या हे एकमेकांचे कोण? चुलत भाऊ. दोघांचं मूळ जुन्या जर्मानिक बोलीत आहे. तिथे ‘धुणे’ या अर्थाचा एक धातू होता. जुन्या इंग्रजीत तो ‘थ्वेआन’ असा दिसतो. त्यावरून फ्रँक लोकांनी धुण्या-पुसण्याच्या फडक्याला नाव दिलं. फ्रँक टोळ्या आजच्या फ्रान्समध्ये जाऊन वसल्या, त्यांचा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये ‘तोआय’ झाला, आणि तिथून तेराव्या शतकात खाडी ओलांडून इंग्लंडला गेला. त्याच कुळातला दक्षिणेकडचा शब्द स्पेनमध्ये तोआया झाला, पोर्तुगालात तोआल्या, इटलीत तोवाल्या. इटलीत मात्र तो अंग पुसत नाही, जेवणाच्या टेबलावर अंथरतात. अंग पुसायला त्यांच्याकडे ‘हात-कोरडे-करणं’ असा दुसरा जोडशब्द आहे. डच भाषेतला त्यांचा एक गरीब भाऊ ‘द्वाइल’ तर फरशी पुसतो. एका घराण्यातला कोण टेबलावर, कोण न्हाणीत, कोण फरशीवर!

फ्रेंचांनी स्वतः मात्र पुढे ‘सर्व्हिएत’ हा वेगळा शब्द रोजच्या वापरात घेतला. तो टॉवेलही आहे, जेवतानाचा रुमालही आहे आणि कागदपत्रांची बॅगही. एवढी ओढाताण आपण टुवालाची केली नाही.

प्रश्न : मी चाटी गल्लीत कापड विकतो. गिऱ्हाईक ‘नॅपकिन’ मागतं तेव्हा मी हात पुसायचा छोटा टॉवेल देतो. भाचा इंग्लंडात आहे. तो म्हणतो, मामा, तिथे असं मागू नका. का?

कारण तिथल्या जुन्या पिढीत नॅपकिन म्हणजे बाळाचा लंगोटही. ‘नॅपी’ हे त्याचंच लाडकं रूप. दुसरा अर्थ जेवताना मांडीवर घ्यायचं फडकं. हात-तोंड पुसायचा छोटा टॉवेल हा अर्थ आपल्याकडे जोरात चालला, आणि सोलापुरात तो खराच आहे, तुम्ही तो बिनधास्त चालवा.

नॅपकिनची कुळकथा चांगली आहे. लॅटिनमध्ये ‘मप्पा’ म्हणजे फडकं. फ्रेंचमध्ये त्याचं ‘नाप’ झालं, इंग्रजांनी त्याला लहानपणा दाखवणारं ‘किन’ जोडलं. त्याच मप्पावरून ‘मॅप’ आला, कारण नकाशे कापडावर काढायचे. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ही त्यांच्याच घरचा. तो आधी ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ भरभर म्हणता म्हणता ‘न’ अलीकडच्या शब्दाला चिकटला आणि ‘ॲन एप्रन’ उरला. तेव्हा तुमच्या दुकानातला नॅपकिन, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आणि हॉटेलातल्या आचाऱ्याचा एप्रन यांचं नातं आहे, एवढं गिऱ्हाइकाला सांगा. दोन जास्त घेईल.

रुमाल तर फारसी. ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारा. पण आपण त्याला कुठल्या कुठे नेलं. डोक्याला बांधला तो रुमाल, भाकरी बांधली तोही रुमाल, आणि पेशवे दफ्तरातले कागदांचे गठ्ठे ज्यात बांधून ठेवले तेही रुमालच. तिथे अभ्यासक अजून ‘अमक्या नंबरचा रुमाल’ असं लिहितात.

आणि पंचा. मराठी माणसाला पंचा म्हणजे पातळ, आखूड, लवकर वाळणारं कापड. आंघोळीला चालतं, वारीत खांद्यावर चालतं, मे महिन्यात भिजवून डोक्यावर घ्यायला तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण आपल्या पूर्व भागात एखाद्या तेलुगू आजोबांना किंवा अक्कलकोटकडच्या कानडी पाहुण्यांना ‘पंचा’ द्या म्हटलंत, तर ते धोतर पुढे करतील, कारण त्यांच्याकडे ‘पंच’, ‘पंचे’ म्हणजे नेसायचं. तुम्ही चाटी गल्लीचे, तुम्हाला हे माझ्याआधी माहीत असणार. बाकीच्या वाचकांसाठी लिहिलं.

प्रश्न : मी दहावीत आहे. टॉवेलचे इंग्रजीत समानार्थी शब्द सांगा. पाच तरी हवेत.

पाच मिळणार नाहीत. ‘क्लॉथ’ फार मोघम, ‘नॅपकिन’चं वर झालं, ‘वाइप’ आता ओल्या कागदाला म्हणतात. इंग्रजी इथे नवा शब्द काढत नाही, जुन्याला विशेषण लावते : बाथ टॉवेल, हँड टॉवेल, बीच टॉवेल. ‘टी टॉवेल’नं चहा पुसत नाहीत, धुतलेली भांडी पुसतात, हे लक्षात ठेव. मराठीत मात्र हवे तेवढे घे : टुवाल, पंचा, अंगपुसणं, गमछा.

परीक्षेत लिहू नकोस, पण एक सांगून ठेवते. अठराव्या शतकातल्या लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीत ‘ओकचा टॉवेल’ म्हणजे सोटा, आणि त्यानं एखाद्याचं अंग पुसणं म्हणजे बडवून काढणं. आपण ‘धुलाई केली’, ‘धुऊन काढला’ म्हणतो. ते पुसायचे, आपण धुतो. मार तेवढाच.

या सदराचं नावही यात अडकलेलं आहे. मराठीत ‘पुसणे’ दोन आहेत. ‘वाट पुसणे’तला पुसणे संस्कृत ‘पृच्छ्’वरून, ‘फळा पुसणे’तला ‘प्रोञ्छ्’वरून. निघाले वेगळ्या गावांहून आणि आपल्याकडे येऊन एकाच उच्चारात बसले. शाळेत माझं काम दोन्ही पुसण्यांचंच होतं.

प्रश्न : सोलापूरच्या टॉवेलला ‘टर्किश’ का म्हणतात? आणि नवा टॉवेल पाणी का पीत नाही?
(एक गृहिणी, जुळे सोलापूर)

म्हणतात, कारण बारीक कड्यांचं हे विणकाम इंग्रजांनी तुर्कस्तानात पाहिलं. हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रजानं तिथून नमुना नेला, घरच्या गिरणीत ते यंत्रावर विणायची युक्ती निघाली, आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तो टॉवेल मांडला. राणी व्हिक्टोरियाला आवडला म्हटल्यावर पुढे काय झालं ते सांगायला नको. खुद्द तुर्क त्याला ‘हावलू’ म्हणतात, म्हणजे ‘लव असलेला’. नाव थेट कापडाच्या अंगावरून, त्यात धुणं नाही की पुसणं नाही.

ती लव येते कशी, हे एकदा कुणाच्या तरी कारखान्यात उभं राहून पाहा. साध्या कापडाला उभ्या धाग्यांचा एक ताणा, याला दोन. एक घट्ट ताणलेला, एक मुद्दाम सैल सोडलेला. आडवे दोन धागे टाकतात ते फणीनं पूर्ण न ठोकता, जरा अंतरावर ठेवतात. तिसरा टाकला की तिन्ही एकदम पुढे ठोकतात. घट्ट ताणा जागचा हलत नाही, तिन्ही आडवे धागे त्याच्यावरून सरकतात. सैल ताण्याला मात्र ते बरोबर ओढून नेतात, आणि जास्तीचा सूत वर उचलला जाऊन त्याची कडी होते. खालीही, वरही. पाणी धरतात त्या या कड्या. हा टॉवेल आणि आपली चादर, दोन्हींना सोलापूरच्या नावानं भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा ‘टर्किश’ म्हणा, पण गाव आपलं सांगा.

नव्या टॉवेलाचं दुखणं साधं आहे. विणताना ताणा तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते, आणि दुकानात हाताला मऊ लागावा म्हणून शेवटी वरून लेप दिलेला असतो. यातलं जे मागे उरलेलं असतं, ते पाण्याला आत येऊ देत नाही. लग्नाच्या आहेरात आलेले टॉवेल-टोपीतले टॉवेल कपाटातून काढून थेट पाहुण्याच्या हातात देऊ नका. पाहुणा अंग पुसतो, पाणी नुसतं इकडचं तिकडे होतं आणि तो बिचारा काही बोलत नाही. आधी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुवा, कपडे मऊ करणारं ते सुगंधी औषध अजिबात घालू नका, आणि उन्हात वाळवून हातानं झटका, म्हणजे कड्या उभ्या राहतात. उन्हाची आपल्याकडे कमी नाही.